राजदूत लिहितात, काउंटरवरचे गप्प राहतात

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकी सैन्य कुवेतमध्ये घुसलं आणि पोटापाण्यासाठी तिथे गेलेली दीड लाखाहून अधिक भारतीय माणसं रातोरात अधांतरी लटकली. पुढच्या दोनेक महिन्यांत एअर इंडियाने जॉर्डनमधल्या अम्मानहून ४८८ उड्डाणं करून १,७०,००० च्या वर माणसं मायदेशी आणली. या प्रसंगावर २०१६ मध्ये एक हिंदी चित्रपट आला. त्यात सगळी धुरा एका व्यावसायिकाच्या खांद्यावर होती, दूतावास ओस पडलेला होता आणि दिल्लीतलं मंत्रालय, एखादा अधिकारी सोडला तर, ढिम्म होतं. चित्रपट चालला आणि परराष्ट्र सेवेतले जुने लोक खवळले. वस्तुस्थितीचं भान ठेवलेलं नाही, असं मंत्रालयाच्या प्रवक्त्यांनाही सांगावं लागलं.

त्यांचा राग रास्त होता. बसगाड्यांचे तांडे बसरा आणि बगदादमार्गे अम्मानपर्यंत पोचवायचे, वाटेतल्या प्रत्येक सरकारची परवानगी मिळवायची, कागदपत्रं नसलेल्यांना तात्पुरती कागदपत्रं करून द्यायची, ही कामं कोणा एका शूर माणसाने खिशातून पैसे काढून होत नसतात. तरीही मला त्या रागापेक्षा एक प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. मधल्या सव्वीस वर्षांत या माणसांनी स्वतः काय लिहून ठेवलं होतं? काही विखुरलेले लेख, कुठल्या आत्मचरित्रातलं एखादं प्रकरण. अम्मानच्या विमानतळावर याद्या करत बसलेल्या कनिष्ठ अधिकाऱ्याची सलग हकिगत सामान्य वाचकाच्या हाती कधी पडलीच नाही. रिकामी जागा दिसली, पटकथाकाराने भरली. त्याला तरी किती दोष देणार?

माझं म्हणणं असं की परदेशात नोकरी केलेल्या सरकारी माणसांच्या आठवणी हा सार्वजनिक दस्तऐवज आहे. निवृत्तीनंतर ज्याला हौस असेल त्याने लिहावं, बाकीच्यांनी सोडून द्यावं, इतक्यावर त्या सोपवता येणार नाहीत. त्या सेवेचाच एक भाग म्हणून, ठरवून टिपल्या पाहिजेत. आणि टिपताना सुरुवात राजदूतांपासून करू नये.

कुठल्याही देशाच्या राजदूताचं आत्मचरित्र उघडून पाहा, ठेवण साधारण एकच. परीक्षेत यश, पहिलं पोस्टिंग, भाषा शिकताना झालेल्या गमती, मग एकेक पायरी वर, आणि शेवटची शंभर पानं शिखर परिषदांची. मधोमध गुळगुळीत कागदावर छापलेले फोटो, त्यांत लेखक कुठल्यातरी राष्ट्राध्यक्षाच्या डाव्या खांद्यामागे. प्रकाशकालाही हेच हवं असतं, कारण मुखपृष्ठामागच्या मजकुरात चार मोठी नावं लागतात. यातली काही पुस्तकं उत्तम आहेत, इतिहासाला उपयोगी आहेत. पण ती वाचून असं वाटतं की परराष्ट्र सेवा म्हणजे वाटाघाटी आणि मेजवान्या. दूतावासाच्या तळमजल्यावरच्या जाळीच्या खिडकीचा उल्लेख पहिल्या पोस्टिंगच्या प्रकरणात एकदा येतो, तोही विनोदासाठी.

परदेशात अडचणीत सापडलेल्या नागरिकाला त्याचं सरकार भेटतं ते मात्र त्याच खिडकीत. मजुरीला गेलेला माणूस तिकडे मेला, तर काय काय लागतं पाहा. रुग्णालयाचा कागद, तिथल्या सरकारचा मृत्यूचा दाखला, अपघात किंवा आत्महत्या असेल तर पोलिसांचा अहवाल, एम्बाल्मिंगचं, म्हणजे देह टिकवण्याच्या प्रक्रियेचं, प्रमाणपत्र, रद्द केलेला पासपोर्ट, दूतावासाचं ना-हरकत पत्र. घरच्यांची लेखी संमती, म्हणजे देह परत आणायचा की तिथेच दफन किंवा दहन करायचं. मालकाकडे थकलेला पगार, आणि तो देण्याची मालकाची टाळाटाळ. विमान कंपनीच्या कार्गो विभागातली जागा. या प्रत्येक कागदासाठी वेगळं कार्यालय, वेगळे सुट्टीचे वार, वेगळी भाषा. आणि हे चालू असताना रोज एक फोन येतो, मृताच्या भावाचा किंवा बायकोचा: ‘साहेब, कधी येणार?’ ही फाइल हाताळणारा अधिकारी बहुधा तिशीच्या आतला असतो आणि त्याच्या टेबलावर अशी ती एकच फाइल नसते. या माणसाला परराष्ट्र धोरण म्हणजे काय ते विचारलं, तर त्याचं उत्तर राजदूताच्या उत्तरापेक्षा वेगळं येईल. ते आपल्याला ऐकायला मिळत नाही.

कायद्याच्या भाषेत या कामाची चौकट १९६३ च्या व्हिएन्ना कराराने आखून दिली आहे. त्याच्या ३६व्या कलमानुसार परदेशात अटक झालेल्या माणसाला आपल्या वकिलातीला कळवण्याची मागणी करता येते आणि वकिलातीच्या अधिकाऱ्याला त्याला तुरुंगात भेटता येतं. कुलभूषण जाधव प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी पाकिस्तानने याच कलमाचा भंग केल्याचा निर्णय दिला, तेव्हा या भेटीसाठीचा ‘कॉन्सुलर ॲक्सेस’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे घराघरांत पोचला. पण ज्या हजारो कैद्यांची नावं बातमीत येत नाहीत, त्यांच्या भेटीला कोणीतरी जातच असतं. तुरुंगाधिकाऱ्यासमोर बसून कैद्याशी काय बोलावं, त्याला मारहाण झाली असेल तर ती त्याच्या तोंडून न वदवता कशी ओळखावी, खोटी आशा न दाखवता धीर कसा द्यावा, हे एक अनुभवाने आलेलं ज्ञान आहे. ते पुढच्या माणसाला मिळतं कसं? बहुतेक वेळा मिळतच नाही. दर तीनेक वर्षांनी बदली, नवा माणूस, पुन्हा श्रीगणेशा.

या कामात जीवही जातो. रवींद्र म्हात्रे बर्मिंगहॅममधल्या भारतीय कार्यालयात अधिकारी होते. ३ फेब्रुवारी १९८४ रोजी काश्मिरी अतिरेक्यांनी त्यांचं अपहरण केलं आणि दोन-तीन दिवसांतच त्यांचा मृतदेह सापडला. जगाला हादरवणाऱ्या वाटाघाटी ते करत नव्हते, मोठ्या पदावर नव्हते. हाताशी सापडले, म्हणून त्यांना उचललं. पुण्यातला म्हात्रे पूल त्यांच्या नावाचा आहे. त्यावरून रोज जाणाऱ्यांतल्या किती जणांना हे ठाऊक असेल, याबद्दल मला शंका आहे.

आता थोडं मागे जातो, कारण आठवणी न टिपण्याची किंमत १९४० च्या आसपास जितकी स्पष्ट दिसते तितकी दुसरीकडे दिसत नाही. लिथुआनियातल्या काउनास शहरात चिउने सुगिहारा हे जपानचे वाणिज्य दूत, म्हणजे व्हिसा आणि नागरिकांची कामं पाहणारे अधिकारी, होते. पोलंडमधून पळून आलेले ज्यू त्यांच्या दारात उभे राहिले. अटी पूर्ण न करणाऱ्यांना व्हिसा देऊ नका, असं टोकियोने विचारणा केल्यावर पुन्हा पुन्हा बजावलं. तरी १९४० च्या जुलै-ऑगस्टमध्ये त्यांनी हाताने लिहून व्हिसा दिले. २,१३९ नावांची यादी जपानच्या परराष्ट्र खात्याच्या दप्तरात आहे. दिवसभर लिहून बोटं आखडायची आणि रात्री पत्नी त्यांचा हात चोळून द्यायची, हे आपल्याला कळलं ते युकिको सुगिहारा यांनी नंतर लिहिलेल्या आठवणींमुळे. सुगिहारा १९४७ मध्ये खात्यातून बाहेर पडले. नंतर कित्येक वर्षं खात्याने त्यांचं नाव काढलं नाही. १९८४ मध्ये ज्यूंच्या संहाराची स्मृती जपणाऱ्या इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने त्यांचा गौरव केला. जपान सरकारने त्यांचा सन्मान पुन्हा प्रस्थापित केला तो २००० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी.

त्याच वर्षी जूनमध्ये फ्रान्समधल्या बोर्दोत पोर्तुगालचे वाणिज्य दूत अरिस्तिदेस द सोझा मेंदेस यांनी सालाझार सरकारचा हुकूम धुडकावून निर्वासितांना व्हिसा दिले. त्यांच्यावर कारवाई झाली, १९५४ मध्ये ते हलाखीत गेले. त्यांच्या नावासाठी पुढे झगडली ती त्यांची मुलं. व्हिएन्नातले चीनचे महावाणिज्य दूत हो फेंगशान यांनी १९३८ नंतर ज्यूंना शांघायचे व्हिसा दिले आणि त्याबद्दल ते फारसं कुठे बोलले नाहीत. १९९७ मध्ये ते वारल्यावर त्यांच्या मुलीने शोध घेऊन ती हकिगत उजेडात आणली.

तीन देश, तीन वेगळ्या राजवटी, आणि तिन्हीकडे एकच प्रकार: खातं विसरलं, घरच्यांनी लक्षात ठेवलं. आज्ञाभंग करणाऱ्याची आठवण ठेवायला कुठल्याच खात्याला आवडत नाही, हे एक कारण. दुसरं मला अधिक खरं वाटतं. व्हिसाच्या खिडकीवर जे घडतं त्याला इतिहास म्हणायची कोणत्याच परराष्ट्र खात्याची तयारी नव्हती. हे तिघेही मोठ्या राजकीय हेरफेरीत असते, तर त्यांच्या नावाने फायली तरी शोधल्या गेल्या असत्या.

मोठ्या राजकारणातल्या आठवणी तरी सरळ हाती लागतात का? १९५० च्या ऑक्टोबरमधली ३ तारीख उजाडायची होती. मध्यरात्रीनंतर पेकिंगमध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी भारताचे राजदूत का. मा. पणिक्कर यांना बोलावून घेतलं आणि सांगितलं, अमेरिकी सैन्य ३८ अक्षांश, म्हणजे दोन कोरियांमधली रेषा, ओलांडून उत्तरेत आलं तर चीन मध्ये पडेल. निरोप दिल्लीमार्गे वॉशिंग्टनला पोचला. तिथे त्याला कोणी फारशी किंमत दिली नाही, कारण पणिक्कर कम्युनिस्टांकडे झुकलेले आहेत असं त्यांच्याबद्दलचं मत आधीच ठरलेलं होतं. महिना संपायच्या आत चिनी सैन्य कोरियात लढत होतं. याच पणिक्करांवर तिबेटच्या बाबतीत चीनला ओळखण्यात ते कमी पडले, अशी टीका भारतात आजही होते. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. निरोप अचूक पोचवणारा माणूस अंदाजात चुकू शकतो, आणि अंदाजात चुकणाऱ्याचा निरोप बरोबर असू शकतो. हे समजायला त्यांनी स्वतः लिहिलेलं पुरत नाही, शेजारच्या खोलीत बसून तार लिहिणाऱ्याचंही ऐकावं लागतं.

ढाक्यातले अमेरिकेचे महावाणिज्य दूत आर्चर ब्लड यांचं उदाहरण याहून बोलकं आहे. पूर्व पाकिस्तानात लष्कराने कत्तल सुरू केल्यावर ६ एप्रिल १९७१ रोजी त्यांच्या कार्यालयातून एक तार गेली. त्यावर वीस अमेरिकी अधिकाऱ्यांच्या सह्या होत्या आणि आपलं सरकार नैतिक दिवाळखोरी दाखवत असल्याचं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सल्लागार किसिंजर यांना ती तार झोंबली, ब्लड यांची ढाक्यातून बदली झाली आणि त्यांची कारकीर्द झाकोळली. १९८९ मध्ये त्यांनी एका मौखिक इतिहास प्रकल्पाला मुलाखत दिली, २००२ मध्ये ढाक्यातून त्यांचं पुस्तक निघालं. बहुतेक लोक ‘ब्लड यांची तार’ म्हणतात. मला त्या वीस सह्यांबद्दल कुतूहल आहे. त्यांत कनिष्ठ माणसं होती, त्यांना पुढे बढत्या हव्या होत्या, घरी मुलंबाळं होती. सही करण्याआधीची रात्र त्यांनी कशी काढली असेल?

मुलाबाळांचा विषय निघालाच आहे तर बायकांबद्दलही बोलायला हवं, कारण परदेशातली सरकारी नोकरी एक पगार घेऊन दोन माणसं करत आली आहेत. अमेरिकेत १९७२ पर्यंत नवऱ्याच्या वार्षिक मूल्यमापनात त्याच्या बायकोबद्दल शेरा असायचा: पाहुणचार कसा करते, वरिष्ठांच्या पत्नीशी कशी वागते. तिला पगार नव्हता, पद नव्हतं, पण गोपनीय अहवालात जागा होती! आणि बाई स्वतः अधिकारी असली तर लग्न हाच अडथळा. चोनिरा बेलिअप्पा मुथम्मा १९४९ मध्ये भारतीय परराष्ट्र सेवेत आल्या, या सेवेतल्या पहिल्या महिला. लग्न केलं तर राजीनामा द्यावा लागेल, असं त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं. पुढे बढतीत डावललं गेल्यावर त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९७९ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी सेवानियमांतल्या स्त्रीविरोधी भेदभावावर कडक ताशेरे ओढले. महिला अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची परवानगी घ्यावी, असा नियम तोवर पुस्तकात होता. ही बंधनं जाऊन फार काळ लोटलेला नाही. त्या काळात ज्या बायकांनी नोकरी आणि लग्न यांतलं एक निवडलं, त्यांच्यातल्या काही आजही हयात असतील. त्यांना कोणी विचारलंय का?

हे आयुष्य बाहेरून झगमगीत दिसतं. आतून पाहिलं तर दर तीन वर्षांनी शाळा बदलणारी मुलं, प्रत्येक देशात नोकरी करता येईलच याची खात्री नसलेला जोडीदार, आणि म्हाताऱ्या आईवडिलांची शेवटची बातमी फोनवर ऐकणं. त्यात एक बारीक पेचही आहे. ज्या देशात राहायचं तो देश आवडू लागला, तिथले मित्र झाले, तिथली बाजू कळू लागली, की स्वतःच्या खात्यात संशय सुरू होतो: हा आता तिकडच्यांचा झाला. बदल्यांची पद्धत काही अंशी याच भीतीतून आली आहे. म्हणजे कामासाठी जी जवळीक लागते, तीच थोडी जास्त झाली की गुन्हा. या तारेवर चाललेल्या माणसाचं म्हणणं राजकारणापलीकडेही ऐकण्यासारखं आहे. स्थलांतरितांबद्दल इतकी चर्चा चालते, पण सरकारी खर्चाने आयुष्यभर स्थलांतर करणाऱ्या या जमातीकडे त्या दृष्टीने कोणी पाहत नाही.

माझ्या म्हणण्यावर सगळ्यात जोरदार आक्षेप गोपनीयतेचा आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. आपलं बोलणं उद्या पुस्तकात येणार असं समोरच्या परराष्ट्रमंत्र्याला वाटलं तर तो बोलेल कशाला? २०१९ मध्ये वॉशिंग्टनमधले ब्रिटिश राजदूत किम डॅरॉक यांचे खासगी अहवाल फुटले आणि त्यांना पद सोडावं लागलं. इराक युद्धाच्या वेळी संयुक्त राष्ट्रांत ब्रिटनची बाजू मांडणारे जेरेमी ग्रीनस्टॉक यांचं पुस्तक २००५ मध्ये अडवलं गेलं, ते बाहेर यायला २०१६ उजाडलं. ही अकरा वर्षं मला फार वाटत नाहीत, कारण पुस्तक लिहून झालेलं होतं. लिहिलेलं कुलपात ठेवता येतं, न लिहिलेलं माणसाबरोबर जातं. गोपनीयतेच्या नावाखाली दोन्हींची गल्लत होते. टिपून घ्या आणि वीस, पंचवीस, तीस वर्षं बंद ठेवा, याला कुठल्या सुरक्षेचा धोका आहे? आणि थकलेल्या पगाराच्या फायलीत तर गुपित असं काही नसतंच. तिथे फक्त त्या कुटुंबाचं नाव झाकायचं असतं.

दुसरा आक्षेप असा की आठवणी खोट्या असतात. असतात. माणूस म्हातारपणी स्वतःला शहाणा करून सांगतो. म्हणून तर निवृत्तीची वाट पाहू नये, प्रत्येक पोस्टिंग संपताच बोलतं करावं. ब्रिटिशांकडे याच्या जवळची एक प्रथा होती. पद सोडताना राजदूत एक लांबलचक निरोपाचं पत्र लिहायचा, मनात येईल ते. १९७९ मध्ये पॅरिसहून निघताना निकोलस हेंडरसन यांनी ब्रिटनच्या घसरणीवर लिहिलेलं पत्र फुटलं आणि गाजलं. १९६७ मध्ये निकाराग्वाहून निघालेल्या राजदूताने तिथल्या सामान्य माणसाला अप्रामाणिक आणि दारुडा ठरवलं. वाचताना लाज वाटते, पण एक साम्राज्य आपल्या माणसांना जग कसं दाखवत होतं याचा तो अस्सल पुरावा आहे. छापील आत्मचरित्रात हे वाक्य आलंच नसतं. २००६ मध्ये रोमहून निघताना आयव्हर रॉबर्ट्स यांनी खात्यातल्या व्यवस्थापनाच्या पोकळ भाषेची यथेच्छ खिल्ली उडवली आणि त्याच वर्षी ही प्रथा बंद पडली. ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या अलीकडच्या मूर्खपणांत मी हा निर्णय बराच वर ठेवीन.

हे सगळं करता येतं हे दाखवून झालेलं आहे. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या मध्यापासून चाललेल्या प्रकल्पात अडीच हजारांहून अधिक मुलाखती जमल्या आहेत आणि त्या कोणालाही वाचता येतात. ब्लड यांची मुलाखत त्यातलीच. तो उभा करणारे चार्ल्स स्टुअर्ट केनेडी स्वतः आयुष्यभर वाणिज्य दूताचं काम केलेले. त्यामुळे तिथे व्हिसा अधिकारी सापडतात, तुरुंगभेटी सापडतात. अधिकाऱ्यांच्या जोडीदारांच्या मुलाखतीही त्याच सुमारास जुएल फेन्झी या एका अधिकाऱ्याच्या पत्नीने सुरू केल्या. ब्रिटनमध्ये १९९५ पासून असाच संग्रह केंब्रिजच्या चर्चिल कॉलेजात जमतो आहे. भारतात निवृत्त राजनैतिक अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या त्रैमासिकात मौखिक इतिहासाचं सदर आहे आणि ते मोलाचं आहे, पण त्यात बोलणारे बहुतांशी राजदूतपदावर पोचलेलेच. भारतीय परराष्ट्र सेवेत अधिकारी आहेत जेमतेम हजाराच्या आसपास. एवढ्या छोट्या सेवेला हे काम झेपणार नाही, असं कोणी म्हणू नये.

एक वर्ग तर या संग्रहांतूनही निसटतो. प्रत्येक दूतावासात स्थानिक कर्मचारी असतात: दुभाषा, ड्रायव्हर, व्हिसा विभागातली वीस वर्षं तिथेच बसलेली बाई. कुठल्या पोलीस ठाण्यातला कोणता फौजदार फोन उचलतो, हे त्यांना ठाऊक. अधिकारी बदलतात, ते राहतात. युद्ध किंवा उठाव झाला की अधिकाऱ्यांना विमान येतं, यांना बहुधा येत नाही, आणि परक्यांची चाकरी केली हा ठपका मात्र त्यांच्यावर बसतो.

म्हणून परराष्ट्र खात्याने उद्या अशी यादी करायला घेतलीच, तर ती खालून वर करावी. आधी स्थानिक कर्मचारी, मग व्हिसा आणि मदत विभागात बसलेले, मग तार लिहिणारे आणि सांकेतिक लिपी सांभाळणारे, मग नवऱ्याच्या किंवा बायकोच्या बदल्यांबरोबर फिरलेले जोडीदार. राजदूतांचा नंबर शेवटी लागला तरी बिघडत नाही. त्यांची पुस्तकं तशीही येतच राहणार आहेत.